पांढऱ्यासाठी करडई

चौतीस वर्षं मी मोर काढले
ग्राफच्या कागदावर.
एक चौकोन म्हणजे एक धागा: वर किंवा खाली.
मोराच्या डोळ्याला चार चौकोन पुरतात,
मानेच्या बाकाला सतरा पायऱ्या.
ते मोर पुठ्ठ्यातली भोकं होऊन मागावर चढले,
चादर झाले,
कुणी कुणी अंगावर घेतले
फलाटावर, दवाखान्यात, मयताच्या रात्री ओट्यावर.
एकाही मोराला मी पाठीमागून पाहिलं नव्हतं.

शाब्दी मॅडमनी पहिल्याच रविवारी
पट्टी आणि टोकदार पेन्सिल काढून घेतली,
शाळेत मुलांची घेत असतील तशी.
"गड्डम, पक्ष्याला कडा नसते.
तो संपतो तिथे हवा सुरू होते, एवढंच."
मी मान हलवली. कळलं काही नाही.

नक्कल करायचं चित्र माझंच:
रंगाच्या एजंटाने कधीतरी दिलेलं कॅलेंडर,
त्यातलं जानेवारीचं पान.
साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कुणी डच माणूस,
छपाईत नाव अर्धं कापलेलं.
पडका खांब, पाण्याचा काठ,
दोन बदकं, एक टर्की,
पिल्लांवर पंख फुगवून उभी कोंबडी,
आणि मागे ढग,
आपल्याकडे येतात आणि न पडता पुढे जातात तसले.

घरी तेलुगूत कोंबडीला आम्ही कोडी म्हणतो.
मराठीत कोडी घालतात.
हीसुद्धा सुटेना.

"आधी अंधार घाला," मॅडम म्हणाल्या,
"मग त्यातून तिला बाहेर काढा."
तीन रविवार मी नुसता तपकिरी चिखल फासला.
अनसूया म्हणाली, भिंत सारवताय का?

जवसाचं तेल सावकाश वाळतं.
जन्मभर ज्याची चटणी भाकरीवर घेतली
ते आता मला बसवून ठेवतं.
पण पांढऱ्यासाठी जवस नको, पिवळं पडतं;
पांढऱ्यासाठी करडई.
घाण्यावर बाटली घेऊन गेलो.
भाजीला की दिव्याला?
बदकाला, म्हटलं.
पंधरा दिवस ती बाटली गच्चीवर उन्हात ठेवली.
तेल पाण्यासारखं झालं.
या गावाच्या उन्हाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

आठव्या रविवारी दिसलं:
सगळे पक्षी उजवीकडे बघतायत,
चौकटीच्या बाहेर.
कोंबडीची चोच उघडी, बदकाचा एक पाय वर,
पिल्लू तर अर्धं पळालेलंच.
तिथे काय होतं? ससाणा? कुत्रा?
तारखांसाठी जागा हवी म्हणून कापलं असेल,
मॅडम म्हणाल्या, आणि ब्रश धुवायला गेल्या.
म्हणजे भीती ठेवली
आणि जिची भीती ती कापली.

त्या रात्री गिरणीचा भोंगा आठवत राहिला.
धुराड्यावरची कबुतरं त्याला रोज उडायची,
रोज तेवढीच दचकून.
भोंगा बंद पडला त्या आठवड्यातही
ती त्याच वेळेला उडाली,
असं वडील सांगायचे.
मी पाहिलेलं नाही.

उजवीकडे चार बोटं कॅनव्हास मी कोरा सोडलाय.
मॅडम विचारत नाहीत.

काल बदकाची छाती केली.
राखाडी, जरा निळा, हळदीएवढा पिवळा,
आणि अगदी शेवटी, श्वास धरून,
एकदाच पांढरा.
खाली चिलवेरींचे आठ माग चालू.
कापसाचं तूस जिना चढून वर येतं,
डब्यातल्या भातातही येतं.
सकाळी बघतो तर ओल्या छातीवर बसलेलं.

चिमट्याने काढायला घेतलं.
एक. दोन. तीन.
चौथ्याला मॅडमनी हात धरला:
"थांबा. हे तूस, की तुम्ही काढलेलं पीस?"
दोघांनी चष्मे पुसले.
खाली वीज गेली, माग थांबले,
आणि आम्ही अजून तिथेच वाकलेलो.